वीतभर दोरा आणि अकरा तास चाळीस मिनिटं

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं विमानाच्या तिकीट कचेरीत एकाच काउंटरवर बसत आले आहेत. घरात आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, कचेरीत सगळे ‘कोष्टक’ म्हणतात. कारण असं की जगातली कुठलीही दोन शहरं त्यांच्यापुढे उच्चारली की ते अंतर आणि वेळ सांगून मोकळे होतात. त्यासाठी कागद बघावा लागत नाही, डोळे मिटावे लागत नाहीत. जेवताना आमचे हे मुद्दाम दोन लांबची नावं घेतात. भाऊजी घास गिळतात, “सात हजार दोनशे दहा, आठ तास पंचावन्न,” म्हणतात आणि पुन्हा भात कालवतात.

त्यांच्या काउंटरवर हाताच्या वितीहून थोडा मोठा पृथ्वीचा गोल आहे. शेजारी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. लांब जाणारी माणसं नकाशा बघून येतात आणि विचारतात, विमान सरळ न जाता असं वर चढून वळसा का घेतं? भाऊजी रीळ उचलतात. दोऱ्याचं एक टोक या शहरावर अंगठ्याने दाबतात, दुसरं त्या शहरावर, आणि दोरा ताणतात. ताणलेला दोरा आपोआप वर सरकतो आणि वळशाच्याच वाटेवर जाऊन बसतो. “हा जवळचा रस्ता. कागद सपाट आहे, पृथ्वी नाही.” माणूस तिकीट घेतो. मग भाऊजी त्या दोऱ्याला गाठी मारतात. त्या गोलावर एक बोट म्हणजे साधारण एक तास. गिऱ्हाईकाला हवा असेल तर तो दोरा ते देऊनही टाकतात. एका म्हातारीने तो मनगटाला बांधून नेला होता, असं ते सांगतात.

स्वतः ते विमानात कधी बसले नव्हते. कचेरीतल्या माणसांना सवलत असते, पण कुणी विचारलं तर म्हणत, “जाऊ कुणाकडे?” लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणत, “वेळ जुळली नाही.” यापलीकडे त्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझी नणंद, म्हणजे भावंडांत सगळ्यांत धाकटी, सात वर्षांपूर्वी परदेशी गेली. तिचं तिकीट भाऊजींनीच स्वतःच्या हातांनी काढलं. जायच्या आदल्या दिवशी सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. भाऊजी कचेरीतून गोल काखेत मारून घरी घेऊन आले. दोरा ताणला, आईचा हात घेऊन त्यावर ठेवला.

“बघ आई, किती आहे?”

सासूबाईंनी हात पसरून मोजलं. “वीतभर.”

“नऊ हजार आठशे चाळीस किलोमीटर. अकरा तास चाळीस मिनिटं. सकाळचा चहा घेऊन निघालं की संध्याकाळच्या प्रार्थनेला तिथे. मनात आलं की नेईन तुला.”

सासूबाई उठून बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. दोरा त्यांनी मागून घेतला नाही, पण आकडा घेतला. नंतर सात वर्षं कुणी “मुलगी फार लांब असते हो तुमची,” असं म्हटलं की त्या म्हणत, “लांब कुठली? अकरा तास चाळीस मिनिटं.”

या वर्षी वन्संच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी वर्षभर प्रवास करायचा नाही असं सांगितलं. म्हणजे त्यांचं येणं राहिलं. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायात रक्ताची गाठ झाली होती, तेव्हापासून फार वेळ बसल्या की घोटा सुजतो.

बातमी आली. दुसऱ्या दिवशी भाऊजी बुटाचे बंद बांधत होते, तेव्हा त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“तिचं वर्ष संपेपर्यंत मी असेन याची खात्री देतोस?”

“आई, सकाळी सकाळी काय हे?”

“खात्री नाही ना? मग तू दिलेला तो शब्द पाळ. मनात आलं आहे.”

भाऊजी एका पायात बूट घालून तसेच बसले. आमचे हे आतून म्हणाले, “आई, तुला दहा मिनिटं सिनेमाच्या खुर्चीत बसवत नाही.”

“तो सिनेमा वाईट होता,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्या डॉक्टरांना भाऊजी त्याच संध्याकाळी भेटले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पायात घालायचे घट्ट मोजे लिहून दिले आणि म्हणाले, “एवढा वेळ बसवेल की नाही, ते मी इथे बसून कसं सांगू? घरी बसवून बघा. घोट्याचा घेर आधी मोजा, नंतर मोजा. तीन सेंटिमीटरच्या वर वाढला तर जायचं नाव काढायचं नाही.”

डॉक्टर हे सहज बोलले असतील. भाऊजींनी ते कामासारखं हाती घेतलं.

रविवारी सकाळी मी प्रार्थना आटोपून बाहेरच्या खोलीत आले, तर खोलीचं विमान झालं होतं. हातांची खुर्ची खिडकीशी. तिच्या दोन हातांमध्ये विमानातल्या सीटइतकीच जागा राहावी म्हणून बाजूला पुठ्ठे खोचले होते. समोर पुस्तकांचं कपाट ओढून आणलं होतं, गुडघ्यापुढे चार बोटं जागा सोडून. भाऊजींनी स्वतःच्या पँटचा पट्टा खुर्चीला बांधला होता आणि एका हाताने पँट सावरत टेप शोधत होते. गोल टेबलावर होता, त्याच्यावर नवा दोरा. अकरा गाठी आणि वर शेपूट. दोऱ्यात त्यांनी शर्टाचं एक बटण ओवलं होतं. ते विमान.

घोट्याचा घेर चोवीस भरला. सात वाजता सासूबाई खुर्चीत बसल्या, पट्टा लागला, आणि भाऊजींनी घड्याळ बघितलं.

“सुरू.”

दर तासाला बटण एक गाठ पुढे. दर तासाला सासूबाई उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत. जेवण दुसऱ्या तासाला आणि दहाव्या तासाला, तेही ताटात नाही. ट्रेमध्ये छोट्या वाट्या, वर झाकण. मी म्हटलं, “भाऊजी, झाकण कशाला? मी दोन पावलांवरून आणते आहे.” ते म्हणाले, “वहिनी, तिथे झाकण असतं.”

दहाच्या सुमाराला शेजारीण आली. तिने पट्टा बघितला, कपाट बघितलं.

“काय झालं काय आजींना?”

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “समुद्रावर आहे. बस तू. खाली बघू नकोस.”

आमचे हे वर्तमानपत्र घेऊन मागच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी आपले पाय पुढच्या खुर्चीला लावून दोनदा ढकलले. सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, “मागचा माणूस वाईट वळणाचा आहे, त्याला उतरवा.” भाऊजी हसले नाहीत. ते वहीत वेळ लिहीत होते.

संध्याकाळी सहा चाळीसला बटण शेपटाच्या टोकाला आलं. घेर पंचवीस पूर्णांक आठ. भाऊजींनी तीनदा मोजला. सासूबाईंनी पट्टा स्वतः सोडला, उठल्या, खिडकीशी जाऊन संध्याकाळची प्रार्थना केली. मीही त्यांच्या मागे हात जोडून उभी राहिले. वेळेत पोचलो, असं त्यांना वाटत होतं आणि मलाही वाटलं.

चूक तिथेच झाली होती. ती आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नाही, आणि भाऊजींच्या तर येणारच नव्हती. त्यांच्या कोष्टकात विमान सुटल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ होता. सुटण्याआधी आणि पोचल्यानंतर माणूस कुठे असतो, याला रकानाच नव्हता. “विमानतळावर तीन तास आधी या,” हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं रोज पाचपन्नास वेळा उच्चारलं असेल. पण ते तीन तासही तासच असतात, ही बेरीज त्यांनी केली नव्हती. तिकीट घेऊन गेलेला माणूस परत काउंटरवर येऊन ‘अहो, मला इतका वेळ लागला,’ असं सांगत नाही. नवं तिकीट हवं असलं तरच येतो.

आठ आठवड्यांनी ते दोघं निघाले. सकाळी साडेसहाला घराचं दार ओढलं. आठला विमानतळ. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं, त्या खुर्चीतून रांगा, त्या खुर्चीतून तपासणी. चाकाच्या खुर्चीची माणसं आधी आत सोडतात म्हणून सव्वादहालाच त्या विमानात जाऊन बसल्या. पट्टा लावला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हनुवटी हलवली. भाऊजींनी ते बघितलं होतं, पण त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

विमान अकराला सुटायचं होतं. दारं लागली, आणि विमान जागचं हललं नाही. पंखावरचा कुठला तरी दिवा लागत नव्हता. तो दुरुस्त होईपर्यंत उडायचा नंबर मागे पडला. जमीन सुटली तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती.

पुढचं भाऊजींनी मला सांगितलं तसं लिहिते. सासूबाईंनी नंतर फोनवर सांगितलं त्यात थोडा फरक आहे, तोही सांगेन.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दर तासाला उठणं, दर तासाला पाणी. जेवणावर झाकण होतं, तेव्हा भाऊजींना बरं वाटलं. सासूबाईंना फक्त एक गोष्ट खटकत होती. त्या रोज सूर्य टेकला की प्रार्थना करतात. इथे घड्याळात सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले, आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन. विमान सूर्याच्या मागे मागे चाललं होतं. “हा आज मावळणार आहे की नाही?” त्यांनी दोनदा विचारलं. भाऊजींनी कारण समजावलं. कारण पटलं, पण प्रार्थना राहिलीच.

घड्याळात दहाला पाच कमी असताना सासूबाईंनी पट्टा सोडला.

“झालं. माझी पिशवी काढ.”

“काय झालं?”

“अकरा तास चाळीस मिनिटं.”

भाऊजींनी समोरच्या पडद्याकडे बघितलं. दोन तास पस्तीस मिनिटं बाकी होती. “आई, अजून आहे. विमान हललं तेव्हापासून धरायचं असतं.”

“घरी मी खुर्चीत बसले तेव्हापासून धरलं होतंस. घरची खुर्ची कुठे हलली होती?”

सासूबाई उठून दोन खुर्च्यांमधल्या वाटेत उभ्या राहिल्या आणि खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, “तू सांगितलंस तेवढं मी बसले. एक मिनिट कमी बसले नाही. आता पुढचं तुझं तू बघ.” तेवढ्यात विमान हलायला लागलं आणि पट्टे लावायचे दिवे लागले. विमानातली मुलगी लगबगीने आली आणि हसून बसायला सांगू लागली. सासूबाईंना तिची भाषा येत नाही. त्या तिला आपल्या भाषेत म्हणाल्या, “मुली, तुझं बरोबर आहे, पण हिशेब माझा आणि याचा आहे.”

भाऊजींनी खाली बघितलं. मोज्याच्या वर घोटा फुगला होता. बूट त्यांनी मघाच काढून ठेवला होता. तो आता चढला नसता. डॉक्टरांचे तीन सेंटिमीटर केव्हाच मागे पडले असणार. त्यांच्याजवळ टेप होती. त्यांनी ती काढली नाही. ते मला म्हणाले, “वहिनी, तेव्हा मला कळलं की मी आईला कुठे आणून बसवलं आहे ते मला माहीतच नाही.”

“चुकलं माझं,” ते आईला म्हणाले.

“तू याआधी कधी बसला होतास विमानात?”

“नाही.”

“मग माझ्याकडून कसली तालीम करून घेतलीस?”

पलीकडच्या सीटवरचा माणूस मान वर करून बघत होता. त्याला शब्द कळत नसतील, पण मुलगा ओरडा खातो आहे हे कुणालाही कळतं. भाऊजींनी शर्टाच्या खिशातून दोरा काढला. बटण अजून त्यात होतं. घाईघाईने उतरताना पडेल म्हणून त्यांनी तो बटणाभोवती गुंडाळून ठेवला होता. त्यांनी तो उलगडला, नऊ गाठी मुठीत घेतल्या आणि उरलेला तुकडा आईपुढे धरला.

“एवढं राहिलं.”

सासूबाईंनी एका हाताने खुर्ची धरूनच दुसऱ्या हाताची बोटं दोऱ्याला लावली. एक, दोन. तिसरं बोट अर्धं.

“अडीच बोटं?”

“हो.”

“हे आधी का नाही दाखवलंस? आकडे काय सांगत बसतोस!”

आणि त्या बसल्या. पाय भाऊजींनी आपल्या मांडीवर घेतला आणि उतरेपर्यंत खालून वर चोळला. दोरा सासूबाईंनी आपल्याकडे घेतला आणि बटण स्वतः सरकवलं.

सासूबाई म्हणतात, मी कशाला भांडेन? मी बाथरूमला उठले होते, आणि हा उगाच दोरा काढून बसला. त्या विमानातल्या मुलीला विचारून खरं-खोटं करायची सोय नाही. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.

उतरल्यावर कागद तपासायची रांग. तिथे चाकाची खुर्ची आली नाही, मग आली. बॅग आली नाही, मग आली. वन्संचे यजमान गाडी घेऊन आले होते, त्यांना गाडी कुठे लावली ते आठवेना. मग तासभर रस्ता. भाऊजी घड्याळ बघतच होते. आमच्या घराचं दार ओढल्यापासून वन्संचं दार उघडेपर्यंत एकवीस तास चाळीस मिनिटं झाली. “चाळीस मिनिटं तेवढी बरोबर निघाली,” असं आमचे हे पुढे महिनाभर म्हणत होते.

त्या दारात वन्सं काठी टेकून उभ्या होत्या. वाकायची परवानगी नव्हती, म्हणून आईच जरा उंच झाली आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. सात वर्षांनी समोरासमोर बोलल्या ते पहिलं वाक्य हे:

“अकरा तास चाळीस मिनिटं म्हणाला होता हा तुझा दादा.”

“मलाही तेच म्हणाला होता, आई. मला तेवीस तास लागले होते.”

भाऊजी बॅगा घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, “मग तू मला सांगितलं का नाहीस कधी?”

“काय सांगू? तू आईला वीतभर म्हणाला होतास. मी आणखी लांब करून कशाला सांगू?”

तिथे अजून उजेड होता. त्या गल्लीच्या टोकाला सूर्य तेव्हा कुठे टेकत होता. सासूबाईंनी तो बघितला, “थांबा, आधी हे,” म्हणाल्या आणि उंबऱ्यातच हात जोडून नऊ तासांपासून राहिलेली प्रार्थना केली. वन्सं काठीवर उभ्याउभ्या मागे म्हणत होत्या. आमच्याकडे तेव्हा पहाट होती. मी उठून देवापुढे बसले होते आणि फोन वाजला. भाऊजींनी फक्त “पोचलो, वहिनी,” एवढंच सांगितलं. वेळ सांगितली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

घोट्याचा घेर अठ्ठावीस होता. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस पाय वर ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पंचवीस झाला. आई आणि लेक शेजारच्या दोन पलंगांवर पाय आणि पाठ घेऊन पडून होत्या आणि छताकडे बघत बोलत होत्या. पंधरा दिवसांनी भाऊजी एकटे परत आले. सासूबाई लेकीचं वर्ष पुरं होईपर्यंत तिकडेच राहणार आहेत.

भाऊजी पुन्हा त्याच काउंटरवर बसतात. काचेखाली त्यांचं जुनं कोष्टक आहे, त्याच्या उजव्या कडेला त्यांनी पेन्सिलीने एक रकाना वाढवला आहे: ‘दारापासून दारापर्यंत’. त्यात अजून एकच आकडा आहे. बाकीचे भरायला ते परत आलेल्या माणसांची वाट बघतात आणि रस्त्यात जुनं गिऱ्हाईक दिसलं तर त्याला थांबवतात. त्यांचे साहेब वैतागले आहेत. परवा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक बाई तिकीट काढत होती. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, “किती वेळ लागतो हो?”

“कुणाला?” भाऊजींनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे कोण जाणार आहे? तुम्ही, की घरातलं वडीलधारं कुणी?”

“माझे वडील.”

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. “बसा,” म्हणाले. “गुडघे कसे आहेत त्यांचे?” रांगेतल्या माणसाने कपाळाला हात लावला.

गोलावर सध्या दोरा नाही. बटणासकट तो सासूबाईंकडे आहे, उशीखाली. रीळ समोर असूनही भाऊजींनी नवा केला नाही. परवा जेवताना ते आपणहून म्हणाले की येताना वारा मागून असतो, म्हणून आईला परतीला वेळ कमी लागेल. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत थांबलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि भात कालवायला घेतला. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली.